स्नायूतली वीज आणि तिचं गणित

निफाड-दिंडोरीकडच्या विद्यार्थ्यांना स्नायूतली वीज शिकवताना मी ठिबकपासून सुरुवात करते. लॅटरल, म्हणजे वेलींच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी, लांबली की शेवटच्या वेलीपाशी दाब कमी पडतो, कारण वाटेतला प्रत्येक ड्रीपर थोडं थोडं पाणी सोडत असतो. स्नायुतंतूच्या पटलातूनही, म्हणजे त्याच्या पातळ आवरणातूनही, वीज अशीच झिरपते. भौतिकशास्त्रज्ञ केल्विन यांनी १८५५ मध्ये समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी मांडलेल्या गणितात ही गळती धरली, की ते चेतातंतूला आणि स्नायूलाही लागू पडतं.

पण नुसत्या केबलमध्ये वीज काही मिलिमीटरांतच विरली असती. पटलातली सोडियमची दारं तिला वाटेत पुन्हा पुन्हा जोर देतात. हॉजकिन आणि हक्सली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवरून हे समीकरणांत बसवलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने हँडल फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. तंतूवरून धावणाऱ्या विजेच्या लाटेचा वेग सेकंदाला १८.८ मीटर निघाला. प्रयोगात मोजलेला होता २१.२. हे आकडे फळ्यावर लिहिताना आजही मला भरून येतं.

स्नायूला मात्र ही समीकरणं तशीच पुरत नाहीत. बेडकाचा स्नायुतंतू जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, तरी पृष्ठभागावरून एखादं द्रव्य झिरपत गाभ्यापर्यंत जाईस्तोवर आकुंचनाची वेळ निघून जाईल, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हिल यांनी गणिताने दाखवलं होतं. मग आकसण्याचा निरोप आत पोचतो कसा? हक्सली आणि टेलर यांनी १९५८ मध्ये काचेच्या बारीक नळीच्या टोकाने तंतूला जागोजागी उत्तेजना दिली. ठरावीक ठिकाणीच तो आकसला. तिथे आत जाणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची, म्हणजे टी-ट्यूब्यूलची, तोंडं असतात.

१९६९ मध्ये गेज आणि आयझेनबर्ग यांनी ग्लिसरॉल वापरून या नळ्या तोडल्या. पृष्ठभागावर लाट धावत राहिली, पण तंतू आकसेना. लाटेमागे रेंगाळणारी विजेची शेपटीही गेली. म्हणजे नळ्यांशिवायचं प्रारूप अपुरंच. १९७३ मध्ये एड्रियन आणि पीची यांनी संगणकावर तंतूचे कांद्याच्या चकतीसारखे एकात एक थर कल्पून नळ्यांचं जाळंही गणितात घेतलं.

या प्रारूपाचं मोल कळलं ते बकऱ्यांमुळे. अमेरिकेतल्या एका जातीच्या बकऱ्या दचकल्या की ताठ होऊन पडतात. माणसातला असाच आजार थॉमसेन या डॉक्टरांनी १८७६ मध्ये स्वतःच्या घराण्यात नोंदवला होता. या बकऱ्यांच्या स्नायुपटलातून क्लोराइड फार कमी वाहतं. प्रत्येक लाटेबरोबर नळ्यांत पोटॅशियम साचतं आणि त्याचा परिणाम आवरायला क्लोराइड अपुरं पडतं. १९७६ मध्ये एड्रियन आणि मार्शल यांनी प्रारूपातलं क्लोराइड काढून टाकलं, तर कल्पित तंतूही उत्तेजना थांबल्यावर आपोआप लाटा सोडत राहिला.

ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतली वीज सुईने तपासण्याच्या, खोलीत अशा रुग्णाच्या स्नायूत सुई हलवली की स्पीकरवर चढत-उतरत घुमणारा आवाज येतो. विद्यार्थी आधी दचकतात. मग मी त्यांना नळ्यांमधल्या पोटॅशियमची आठवण करून देते.