गेटवर वायरलेस कॉल बॉक्स बसवताय? परवाना कुठे लागतो आणि कागद कुठे अडतात

मागच्या पावसाळ्यात चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी एक पिवळा खोका उघडून पाहिला. चांगला जाडजूड, झाकणाला कडेने रबर, आत बॅटऱ्यांची जागा, बाहेर एकच मोठे बटण. मागच्या गेटवर ट्रकवाल्याने बटण दाबायचे, आवाज गार्डच्या वॉकीटॉकीवर यायचा, गार्डने बसल्या जागेवरून बोलायचे आणि तिथूनच गेट उघडायचे. रस्ता खोदून केबल टाकायला नको, म्हणून मालकांनी तो परदेशातून मागवला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला छोटे स्टिकर होते, त्यावर आकडा: १५१.८२०. त्या आकड्यापायी खोका भिंतीवर न जाता फळीवर गेला.

१५१.८२० मेगाहर्ट्झ ही अमेरिकेतल्या ‘मर्स’ नावाच्या सेवेच्या पाच चॅनेलपैकी एक. तिथे दोन वॅटपर्यंत ती विनापरवाना वापरता येते. त्यामुळे विक्रेत्याने माहितीपत्रकात ‘लायसन्सची गरज नाही’ असे छापले, यात त्याने खोटे काही लिहिले नाही. पण ती सूट त्या देशाची आहे. आपल्याकडे कोणती फ्रिक्वेन्सी मोकळी हे दिल्लीतल्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ठरवते, आणि विनापरवाना ट्रान्समीटर वापरणेच काय, नुसता जवळ बाळगणेही कायद्यात बसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांनी आधी खोका घेतलेला असतो आणि मग परवान्याची चौकशी सुरू केलेली असते. कृपा करून हा क्रम उलटा करा.

आधी हे बघा, परवाना खरंच लागतो का

बऱ्याच जागांना लागत नाही. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या सेटना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट आहे. ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला २००५ पासून सूट आहे, एक वॅटच्या ट्रान्समीटरपर्यंत. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सगळ्यांच्या ओळखीचा. गेट ते केबिन अंतर शे-दोनशे मीटर असेल आणि मध्ये फार बांधकाम नसेल तर यातल्या कशावर तरी चालणारा खोका पुरतो. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला किंवा हिंजवडीतल्या एका इमारतीच्या ऑफिसला मी यापलीकडे जाऊ देत नाही. सिमकार्डवर चालणारा खोका हाही सरळ मार्ग आहे, कारण स्पेक्ट्रमचा परवाना मोबाइल कंपनीचा असतो. सिम मात्र कंपनीच्या नावावर घ्या, सुपरवायझरच्या नाही. तो नोकरी सोडून गेला की गेटही बंद पडते, हे मी पाहिले आहे.

सूट परवान्याची आहे, मंजुरीची नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. खोका परवानामुक्त पट्ट्यात चालत असला तरी त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, असावेच लागते. ते तुम्ही काढायचे नसते, उत्पादकाने किंवा आयातदाराने काढायचे असते. तुमचे काम एकच: पैसे देण्याआधी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर खोक्याच्या मागच्या नंबराशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. शेवटी एक ‘व्ही’ किंवा ‘यू’ वेगळा असला तर ते प्रमाणपत्र वेगळ्या वस्तूचे आहे. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. वॉकीटॉकीच्या जाहिरातीत फ्रिक्वेन्सी आणि ईटीएची माहिती असली पाहिजे. ती नसेल तर तेवढ्या कारणावरून तो सेट सोडून द्या.

गणपतीच्या आधी मंडळांचे कार्यकर्तेही हे विचारायला येतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे सेट हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येतात, अगदी पोलिसांच्या जवळपासही. मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रोडवर त्यांच्या संपर्कात आपला आवाज घुसला तर काय होईल याचा विचार करा, आणि असले सेट घेऊ नका.

परवाना लागणारच असेल तर

आवार मोठे असेल, मध्ये लोखंडी शेड असतील किंवा दोन-तीन गेट एकाच केबिनशी जोडायचे असतील, तर व्हीएचएफ (कमी मेगाहर्ट्झचा पट्टा) किंवा यूएचएफ (त्याच्या वरचा पट्टा) यांवर स्वतःसाठी फ्रिक्वेन्सी मागावी लागते. मोकळे मैदान आणि झाडी यांतून व्हीएचएफ बरे जाते. शेड, काँक्रीट, रॅकच्या रांगा यांतून यूएचएफ. हे अर्जाच्या आधी ठरवा, कारण पट्टा नंतर बदलायचा म्हणजे अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन होतो, फी भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर भरली जाते. कंपनी, भागीदारी संस्था, ट्रस्ट, सोसायटी, कोणीही नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते, पण वापर फक्त स्वतःच्या कामासाठी. एकाच कंपाउंडमध्ये दोन भावांच्या दोन कंपन्या आणि गेट एक, असे आपल्याकडे सर्रास असते. कायद्याला त्या दोन वेगळ्या संस्था दिसतात. गेट ज्या कंपनीच्या नावावर, सुरक्षा ज्यांच्या करारात, तिच्याच नावाने अर्ज करा.

नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जागेचा पुरावा, सेटचे तांत्रिक माहितीपत्रक, कुठला सेट कुठे असेल याचा साधा नकाशा, हे कागद सगळ्यांकडे असतात. अडते ते नावापाशी. एमआयडीसीच्या प्लॉटच्या कागदावर जुने भागीदारीचे नाव, जीएसटीवर प्रायव्हेट लिमिटेड, गेटवरच्या पाटीवर तिसरेच काहीतरी. आपल्याला माहीत असते की हे सगळे आपणच. दिल्लीत फाइल उघडणाऱ्याला ते माहीत नसते आणि तो विचारायला फोनही करत नाही, शेरा मारून परत पाठवतो. नाव बदलल्याचे प्रमाणपत्र पहिल्याच वेळी जोडा.

दुसरा कागद ज्याच्याकडे नसतो तो म्हणजे सही करणाऱ्याचे अधिकारपत्र. मॅनेजरने सही केली, पण त्याला अधिकार दिल्याचा संचालक मंडळाचा ठराव नाही. लेटरहेडवर दोन ओळींचा ठराव, त्यात वायरलेस परवान्याचा स्पष्ट उल्लेख, एवढे करायला दहा मिनिटे लागतात. ते केले नाही तर आठवडे जातात.

आता तो रकाना, ज्याने माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यात जास्त अर्ज परत आणले. वॉकीटॉकी हातात फिरते, खोका भिंतीवर ठोकलेला असतो. त्यामुळे अर्जात खोका ‘फिक्स्ड’ स्टेशन म्हणून दाखवायचा असतो, ‘हँडहेल्ड’ म्हणून नाही. आतला रेडिओ वॉकीटॉकीसारखाच दिसतो म्हणून लोक सगळे एकाच रांगेत लिहितात. फिक्स्ड म्हटले की जागेची मंजुरी लागते, ती सॅकफा या समितीची. ही समिती संरक्षण आणि विमान वाहतूक यांसारख्या खात्यांना विचारते की इथे अँटेना लावली तर कुणाची अडचण होईल का. पुण्यात हा प्रश्न वरवरचा नाही. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे. आणि उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० डिश. दूरच्या आकाशगंगांमधून येणारे अतिशय क्षीण तरंग ती ऐकते, १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचेसुद्धा. त्या पिवळ्या खोक्याची फ्रिक्वेन्सी नेमकी तिथेच होती. जुन्नर, आंबेगाव भागात काही बसवायचे असेल तर ही दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेशी आधी बोला. तिथली शांतता राखणे आपल्या सगळ्यांचे काम आहे.

सॅकफाच्या फॉर्मात दोन उंच्या विचारतात. एक जमिनीपासून अँटेनाच्या टोकापर्यंत, दुसरी समुद्रसपाटीपासून जागेची. दुसऱ्या रकान्यात लोक ‘१२ मीटर’ लिहितात, कारण खांब बारा मीटरचा असतो. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. बारा मीटर लिहिले की फॉर्म म्हणतो तुमचा कारखाना किनाऱ्यावर आहे. शहराचा आकडाही उचलून टाकू नका, आपल्या प्लॉटचा मोजून घ्या.

अक्षांश-रेखांशातही तेच होते. मोबाइलवर चाकणचा अक्षांश १८.७६ असा दिसतो, फॉर्मला अंश, मिनिटे, सेकंद हवे असतात, आणि लोक लिहितात १८ अंश ७६ मिनिटे. मिनिटे साठाच्या आत असतात. १८.७६ म्हणजे १८ अंश ४५ मिनिटे ३६ सेकंद. या एका चुकीने एका अर्जदाराचा खांब कागदावर चाकणहून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला, जुन्नरच्याही पलीकडे जाऊन उभा राहिला होता. तपासणाऱ्याने बिनचूक चूक पकडली, पण चूक कोणती हे शेऱ्यात लिहिले नाही. ‘माहिती विसंगत’ एवढेच. अर्जदाराने तीन महिने कंपनीचे सगळे कागद पुन्हा पुन्हा जोडले. एक ओळ नीट लिहायला अधिकाऱ्याला किती वेळ लागला असता?

पत्र आले म्हणजे परवाना आला, असे नाही

तपासणी झाली की आधी डिसिजन लेटर येते. ते तत्त्वतः मंजुरीचे पत्र आहे. त्यात फ्रिक्वेन्सी, अटी आणि भरायची रक्कम असते. अनेकजण पैसे भरतात, पावती फ्रेम करून ठेवतात आणि खोका चालू करतात. चालू करायचा अधिकार देतो तो ऑपरेटिंग लायसन्स, आणि तो त्यानंतर वेगळा घ्यावा लागतो, खरेदी केलेल्या सेटचे सीरियल नंबर देऊन. म्हणून बिलावर सीरियल नंबर छापून घ्या. ‘रेडिओ सेट, नग ४’ असे बिल कामाचे नाही.

पत्रातली मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजा. मेल कंपनीच्या जुन्या आयडीवर पडून राहिला, उघडला तेव्हापासून दिवस मोजले, आणि मंजूर फ्रिक्वेन्सी हातची गेली, हे दोनदा पाहिले. पोर्टलवर स्वतः लॉगिन करून आठवड्यातून एकदा बघा. नूतनीकरणाची तारीख परवान्यावरून घ्या, पावतीवरून नाही. तार आणि वायरलेसच्या १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने घेतो आहे, त्यामुळे फॉर्मांची नावे आणि शब्द बदलत राहतात; मित्राने दोन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म नमुना म्हणून वापरू नका.

आणखी एक. बंद पडलेल्या कारखान्याचे जुने सेट स्वस्तात मिळतात. त्यांच्यासोबत परवाना येत नाही.

बसवताना

खोका छातीच्या उंचीवर, पण ट्रकच्या खिडकीतूनही हात पोचेल असा. जमत नसेल तर दोन बटणे. अँटेना लोखंडी गेटला चिकटवू नका, आवाज तुटतो. पावसाची झड मावळात आडवी येते, तेव्हा आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) याच्या खालचा खोका नको आणि केबल खालून आत घ्या. वॉकीटॉकी आणि खोका यांचा टोन कोड, म्हणजे आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर, सारखा लावा, नाहीतर दोन्ही चालू असूनही एकमेकांना ऐकू येणार नाहीत. हा कोड लावला म्हणजे बोलणे गुप्त राहते असे मात्र समजू नका. त्या फ्रिक्वेन्सीवर कोणीही ऐकू शकतो, गाडी नंबर आणि मालाचा तपशील गेटवर मोठ्याने सांगू नका.

कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीत ज्वालाग्राही वाफ असते अशा भागात साधा खोका चालत नाही. तिथे पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा खाते, यांची मान्यता असलेलाच लागतो. हे खाते नागपूरचे, आणि त्याचे प्रमाणपत्र ईटीएपेक्षा वेगळे, दोन्ही लागतात.

परवान्याची आणि ईटीएची प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सिक्युरिटी केबिनमध्ये टांगून ठेवा. तपासणीला माणूस येतो तो आधी गेटवर येतो, ऑफिसमधल्या कपाटापाशी नाही, आणि रात्रपाळीच्या गार्डला ते कपाट उघडता येत नाही.