पेंढ्या मोजू नका, गवत तोला

अलिबाग-मुरुड पट्ट्यात घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवलेला असला, की मालक चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, चौकशी हमखास करतो. गवताचं विचारलं तर ‘सकाळ-संध्याकाळ दोन पेंढ्या’ एवढं उत्तर मिळतं. पण घोडा जगतो गवतावर. त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, आणि ते सौम्य करणारी लाळ फक्त चावताना सुटते. पाच-सहा तास तोंड रिकामं राहिलं की जठराला व्रण पडण्याचा धोका वाढतो.

चाऱ्यातला कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, रोज शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के हवा. घोड्याचं वजन टेपने काढता येतं: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०, मापं सेंटिमीटरमध्ये. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर साधारण ३२३ किलो. सुक्या गवतातही थोडं पाणी असतं, म्हणून अशा घोड्याला सुकं गवत रोज साडेपाच ते साडेसात किलो लागतं. ताणकाट्याला (स्प्रिंगच्या लटकत्या काट्याला) गवत भरलेली जाळी अडकवून तोला. पेंढी कोणी सैल बांधतो, कोणी आवळून.

पावसाळ्यात मात्र काटाही फसवतो. दमट गवत जड भरतं, ते वाढलेलं वजन पाण्याचं असतं. म्हणून साठा जमिनीपासून हातभर उंच माचावर, भिंतीपासून सुटा ठेवावा. भाऱ्याच्या मध्यात हात खुपसून पाहावा. आत ऊब लागली, कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, तर बुरशी धरली आहे. असं गवत भिजवूनही देऊ नये.

गवत संपलं की भाताचा पेंढा पुढे येतो. पोट भरतं, पण त्यात प्रथिनं जेमतेम चार टक्के, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. पेंढ्यावरच भागवलं आणि पाणी कमी प्यायलं, तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ उठतो. थोडा पेंढा गवतात मिसळायला हरकत नाही. चाऱ्यातला बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

सगळ्यात मोठी चूक रात्रीची. एक किलो गवत खायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात. संध्याकाळी सहाला तीन किलो टाकलं तर आठला संपतं. पुढे सकाळपर्यंत काहीच नाही. दिवसाचा निम्मा वाटा मोतद्दाराने (घोड्याची देखभाल करणाऱ्याने) रात्री निजण्याआधी, बारीक भोकांच्या जाळीत द्यावा. सकाळी मूठभर गवत उरलेलं दिसलं तर माप बरोबर. जाळी रोज चाटूनपुसून साफ असेल, तर अर्धा किलो वाढवून आठवड्याने पुन्हा पाहा.