अकरावीला बालविकास घ्यायचाय? पहिला पसंतीक्रम टाकण्याआधी हे वाचा

दहावीचा निकाल लागला की आमच्या अकरावी प्रवेशाच्या मदत टेबलावर "बालवाडीची बाई व्हायचंय" म्हणणाऱ्या मुली दरवर्षी येतात. चाळीतली चार पोरं गोळा करून गाणी शिकवलेली असतात, धाकटं भावंड कडेवर घेऊन अभ्यास केलेला असतो. अशी ओढ सोळाव्या वर्षी असणं ही मोठी गोष्ट आहे. आणि यातल्या बऱ्याच जणी दोन महिन्यांनी कला शाखेत भलतेच विषय घेऊन बसलेल्या दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

घोळ कुठे होतो? अकरावीच्या ऑनलाइन अर्जात तुम्ही शाखा आणि कॉलेज निवडता, कला शाखेतला विषय निवडत नाही. तो ठरतो कॉलेजात गेल्यावर. राज्य मंडळाचा 'बालविकास' हा विषय बारावीला आहे, पण तो प्रत्येक कॉलेजात शिकवला जात नाही. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1936 साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं, त्याच शहरात आज अर्ज भरताना 'बालवाडी' हा शब्द कुठेही दिसत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

त्यामुळे संकेतस्थळावर बसण्याआधी कॉलेजात जा. कार्यालयाच्या खिडकीवर तीन प्रश्न विचारा: यंदा बालविकासाचा वर्ग भरणार आहे का? कोणत्या माध्यमात? मुलींना प्रत्यक्ष बालवाडीत किंवा अंगणवाडीत नेता का, की नुसतं पुस्तकातून? तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर समजून घ्या. तीन वर्षांचं मूल रडत असताना काय करायचं हे पुस्तकातून कळत नाही.

दुसरी वाट व्यवसाय अभ्यासक्रमाची, जिला लोक अजून एमसीव्हीसीच म्हणतात. त्यात 'चाइल्ड, ओल्ड एज अँड हेल्थ केअर सर्व्हिसेस' असा गट आहे. नावाप्रमाणे वृद्धांची आणि रुग्णांची काळजीही त्यातच येते. फक्त लहान मुलांसाठी जाणार असाल तर हे माहीत असू द्या. सीबीएसईच्या मुलींसाठी अकरावी-बारावीला 'अर्ली चाइल्डहूड केअर अँड एज्युकेशन' हा कौशल्य विषय आहे, मात्र तो तुमच्या शाळेने घेतलेला असला पाहिजे.

आता अर्ज. भाग 1 म्हणजे तुमची माहिती, भाग 2 म्हणजे पसंतीक्रम, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. बाकी सगळं सरळ आहे, अडकतं ते पहिल्या क्रमांकावर. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. "बघू तर मिळतंय का" म्हणून नावाजलेलं कॉलेज वर टाकलं, ते मिळालं, आणि तिथे बालविकास नाही, हे मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे. पोरगी रडत होती आणि टेबलापलीकडे बसून मला काही करता येत नव्हतं. पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे विषय आहे याची स्वतः खात्री केली आहे.

कागदपत्रांत दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांकडे असतो. दोन्हींवर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का तेवढं पाहा, चूक असेल तर शाळेतूनच दुरुस्त करून घ्या.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांची खरी परीक्षा जातीच्या दाखल्यात आहे. गेल्या वर्षी वडाळ्याची एक मुलगी आली, सगळे कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये, नॉन-क्रीमी लेयरचा, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला तर चक्क लॅमिनेट केलेला. खालच्या ओळीत बारीक अक्षरात मुदत होती: 31 मार्चपर्यंत. आम्ही बसलो होतो जूनमध्ये. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला मार्चअखेर संपतो, त्यामुळे फेब्रुवारीत काढला म्हणून वर्षभर चालेल असं धरू नका. मुदतीची तारीख वाचा आणि संपली असेल तर निकालाची वाट न पाहता लगेच नवा काढायला टाका.

जातीचा दाखलाच नसेल तर काम लांबतं. कुटुंब ठरावीक तारखेला महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा द्यावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. मुंबईतल्या घरात आजोबांचा असा कागद कुठून असणार? भाडेपावत्या पावसात गेल्या, गिरणीचं कार्ड हरवलं. खिडकीवरचे लोक "पुरावा आणा" म्हणून मोकळे होतात, तो कुठे मिळेल हे सांगत नाहीत. तो बहुधा गावाला मिळतो. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा, किंवा तहसीलमधला गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. सोबत वंशावळ लागते. वडिलांचा किंवा सख्ख्या काकांचा दाखला असेल तर तो आधी शोधा, काम पुष्कळ सोपं होतं. मे महिन्यात गावी जाताच ना, तेव्हाच हे उरकून घ्या.

एक कळकळीची सूचना. दहावीनंतर सहा महिन्यांत 'टीचर' करून देतो अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. पैसे भरण्याआधी एनसीटीईची, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता दाखवा म्हणा. एनसीटीईचा पूर्वप्राथमिक पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तो बारावीनंतरच होतो, खुल्या प्रवर्गाला बारावीत 50 टक्के लागतात. म्हणून अकरावी-बारावीचे गुण हलक्यात घेऊ नका. नुसतं पास झालात तर ती वाट बंद होते.

अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस व्हायचं असेल तर बारावी पास आणि स्थानिक रहिवासी हव्यात, वय 18 ते 35. बारावीचा निकाल लागतो तेव्हा कित्येक मुली सतराच्याच असतात, आणि अर्ज नुसत्या वयावर बाद होतो. जाहिरात आली की आधी वय कोणत्या तारखेला मोजणार ते बघा. अठरा पूर्ण व्हायला चार महिने उरले असतील तर तेवढ्यात रहिवासाचे कागद तयार करून ठेवा, पुढची जाहिरात येईलच.