फुस्स झालं, पण हवा गेली नाही

मित्राने स्वतःच्या मापाची माउंटन बाइक बांधून घेतली. स्टीलची फ्रेम, मागे सस्पेन्शन नाही, पुढे १४० मिलिमीटर दबणारा हवेचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के गिळणारा दुपायी चिमटा. तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "फोर्क गळतोय रे. ८० पीएसआय हवा भरली, पंप काढताना फुस्स झालं, परत लावून बघितलं तर ७७. तीनदा भरली, तीनही वेळा ७७!"

(पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप.) तीनही वेळा ७७, हीच तर गोम आहे. गळती इतकी शिस्तीची नसते.

पंपाचं तोंड सोडवताना आधी व्हॉल्व्हची मधली पिन सुटते आणि फोर्क बंद होतो. मग पंपाच्या नळीत कोंडलेली हवा बाहेर पडते, तीच फुस्स करते. फोर्कमधली हवा होती तिथेच असते. पंप परत लावला की मात्र ती रिकामी नळी भरायला हवा लागते आणि ती फोर्कमधूनच येते. म्हणजे दाब मोजायला गेलं की मोजण्यापायीच दाब उतरतो.

किती उतरतो, ते शाळेतला बॉइलचा नियम सांगतो: तापमान तेच असेल तर हवेची जागा जितक्या पट वाढते, तितक्या पट दाब उतरतो. १६६२ सालचा आहे, पण सायकलवाल्यांच्या रोजच्या कामाचा. फोर्कमध्ये हवेची जागा १५० सीसी आणि पंपाची नळी व गेज (दाब दाखवणारी तबकडी) मिळून ५ सीसी, असं धरू. बॉइलला गेजवरचा आकडा चालत नाही; त्यात वातावरणाचे १४.७ मिळवावे लागतात. ८० चे झाले ९४.७. ही १५० सीसी हवा आणि नळीतली साधी ५ सीसी हवा मिळून १५५ सीसीत पसरली की दाब ९२.१ होतो. १४.७ वजा करा, गेजवर ७७.४. मित्राचा फोर्क ठणठणीत आहे.

ज्या सायकलींना मागेही सस्पेन्शन असतं, त्यांच्या मागच्या शॉकमध्ये (धक्के गिळणाऱ्या नळकांड्यात) हाच प्रकार जास्त घाबरवतो. तिथे जागा ६० सीसी आणि दाब २०० धरला, तर पंप परत लावल्यावर गेज १८५ च्या आसपास दाखवतो. टायरमध्ये लिटरच्या हिशोबात हवा असते, म्हणून तिथे हे जाणवत नाही.

आता हवेच्या स्प्रिंगची खरी मजा. फोर्कमध्ये हवा दाबणाऱ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर धरा. फोर्क पूर्ण १४ सेंटिमीटर दबला की ९८ सीसी जागा संपते, उरते ५२. पहिल्या निम्म्या प्रवासात एकूण दाब ९५ वरून १४१ वर जातो, उरलेल्या निम्म्यात १४१ वरून थेट २७३ वर. तारेची साधी स्प्रिंग प्रत्येक सेंटिमीटरला सारखीच ताठरते. हवा आधी नमतं घेते आणि शेवटी हटून बसते. मोठ्या उडीनंतर फोर्क धाडकन तळाला लागत असेल, तर आत १० सीसीचा प्लास्टिकचा ठोकळा टाकतात. सुरुवातीचा दाब तोच राहतो, निम्म्यावर फरक थोडासाच, पण तळाशी २७३ चे ३१६ होतात.

आणि हे सगळं फोर्क सावकाश दाबला तर. दगडावर आदळल्यावर हवेला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ती तापते आणि दाब आणखी चढतो. आकारमान २.९ पटींनी घटलं तर दाब २.९ पटींऐवजी, उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरून, जवळपास ४.४ पट होतो. आकारमानाच्या गुणोत्तराचा १.४ हा घात घ्यायचा. प्रत्यक्षात धातूच्या भिंती थोडी उष्णता शोषतात, म्हणून खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. घात आला की निम्मे वाचक जातात, तेव्हा थांबतो.

पण यातून एक गोष्ट निघते. गेजवरचा आकडा हा फक्त तुमच्या वहीतला खुणेचा आकडा. खरं मोजमाप सॅगचं: स्वाराच्या भाराने फोर्क किती बसतो ते. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी कडी असते. बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी, जे नेहमी अंगावर असतं ते सगळं घालून सायकलवर चढायचं, पेडलवर उभं राहायचं, कडी खाली टेकवून घ्यायची आणि धक्का न देता उतरायचं. कडीखाली उरलेलं अंतर म्हणजे सॅग. तो १४० च्या २० टक्के ठेवायचा, तर २८ मिलिमीटर. त्याआधी एक करायचं: हवा भरताना फोर्क मधूनमधून हळूच चार-पाच वेळा दाबायचा. दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूलाही हवेचा एक कप्पा असतो, तो बऱ्याच फोर्कमध्ये दाबल्यावरच भरतो. तो रिकामा राहिला तर फोर्क सुरुवातीलाच अडून बसतो आणि माणूस उगाच हवा कमी करत सुटतो.

मापाच्या फ्रेमला सॅग आणखी महत्त्वाचा. पुढचं टोक साधारण २५ मिलिमीटर खाली आलं आणि दोन चाकांत ११८० मिलिमीटर अंतर असलं, की अख्खी फ्रेम सव्वा अंश पुढे झुकते. कागदावर हँडलच्या दांड्याचा जमिनीशी कोन ६५ अंश असला तरी स्वार चढल्यावर तो ६६ च्या पुढे. कारागिराने कोणता कोन काढलाय, रिकाम्या सायकलचा की माणूस बसलेल्या, हे आधीच विचारून घ्यावं.

सीट बसवताना मात्र मित्राने गुडघ्यावरून ओळंबा सोडला. दोरी पेडलच्या आसावरून गेलीच पाहिजे म्हणे. हा पत्रिकेतला मंगळ आहे. पेडल फिरवणाऱ्या पायाला गुरुत्वाकर्षणाची दिशा ठाऊक नसते. पाठीवर रेलून चालवायच्या सायकलींत गुडघा पेडलच्या वर कधीच येत नाही, तरी त्या सुसाट जातात. उंचीसाठी निदान गुडघ्याचा कोन तरी बघा: पेडल तळाला असताना २५ ते ३५ अंशांचा वाक. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट वगैरे टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) छापील आकड्याइतके आवळायचे, त्यात तत्त्वज्ञान नाही.

सॅग २८ वर आला, वहीत ८० लिहिलं गेलं. तेव्हा दुपारचे ३० अंश होते. दुसऱ्या दिवशी पहाटे १५ अंशांत परत फोन. "आता ७३!"

सातातले जवळपास पाच थंडीचे. उरलेले त्या नळीचे.