कार्बोरेटर गाडी अधूनमधून बंद पडणे : निदान

जुनी कार्बोरेटर गाडी (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर असलेली) चालता चालता बंद पडते, दहा-पंधरा मिनिटांनी मुकाट सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की दिवसभर शहाण्यासारखी चालते. अशा दोषाचे मूळ शोधण्याची ही रीत. भारतात हा त्रास मुख्यतः हिंदुस्तान अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या मालकांच्या ओळखीचा आहे. पद्मिनी म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी, फियाट ११०० वर बेतलेली १०८९ सीसीची गाडी. १९७४ पासून ती या नावाने विकली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली; हौशी मालकांकडे मात्र पद्मिन्या अजून बऱ्याच आहेत.

गाडी अडली की पहिला संशय कार्बोरेटरवर येतो आणि तो खोलला जातो. ही घाई बहुधा चुकीची ठरते. बंद पडण्याची तऱ्हा आधी पाहावी. बटण दाबल्यासारखे इंजिन एका क्षणात गप्प झाले तर करंट गेला असण्याची शक्यता जास्त. आचके देत, ॲक्सिलरेटर दाबूनही दम सोडत गेले तर पेट्रोल पोहोचत नाही असे धरून चालावे. पुरावा मिळतो तो गाडी बंद असतानाच. पुन्हा सुरू झालेल्या गाडीत तपासण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून डिकीत एक जादा स्पार्क प्लग ठेवावा. तो प्लगच्या वायरला लावून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि दुसऱ्याने स्टार्टर मारायचा. ठिणगी निळी, कडक हवी. जवळ पेट्रोल सांडलेले असेल तर हा प्रयोग करू नये.

ठिणगी नसेल किंवा पिवळट, मरतुकडी असेल तर कंडेन्सर (पॉईंट, म्हणजे कॉईलचा करंट तोडणारे संपर्क, जळण्यापासून वाचवणारा छोटा भाग) आणि इग्निशन कॉईल (ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणारी गुंडाळी) हे नेहमीचे संशयित. कॉईलमधली तार आतून तुटलेली असली तर तापल्यावर टोके सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतात. कंडेन्सर कमजोर झाला की पॉईंट जळून काळे पडतात. सर्वांत फसवा दोष डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) आतल्या बारीक वायरचा. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी सोय) असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉईंटची पट्टी ॲक्सिलरेटरबरोबर किंचित फिरते, तशी ही वायरही वर्षानुवर्षे वाकत राहते. वरचे आवरण शाबूत, आतले तांबे तुटलेले. उभ्या गाडीत मल्टीमीटर सारे ठीक दाखवतो, पण वेग घेताना गाडी बंद पडते. मीटर लावून ती वायर हलवून पाहिल्याशिवाय हे सापडत नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला गेलेली बारीक चीर आणि आतला ओलावाही पाहावा.

ठिणगी चांगली असेल तर एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने ओढावा. ॲक्सिलरेटर पंप (ॲक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल सोडणारा) असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची धार दिसली तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) भरलेला आहे. धार नसेल तर मागे टाकीकडे जायचे. झाकणाचे हवेचे भोक बुजले की टाकीत पोकळी तयार होते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज येऊन गाडी सुरू झाली तर निदान झाले. टाकीतला गंज पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर ओढला जाऊन बसतो आणि इंजिन थांबल्यावर खाली पडतो, त्यामुळे गाडी ‘आपोआप बरी’ होते.

उन्हाळ्यात घाट चढताना वेगळेच दुखणे उद्भवते. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाने ओढली जात नाही. पंपावर ओले फडके टाकायचा ड्रायव्हर लोकांचा उपाय अचूक आहे. फडक्याने गाडी सुरू झाली तर तेच निदानही. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आतून फुगतात, त्यांचा चुराही वाटेत अडकतो.

कार्बोरेटरचा खरा वाटा यानंतर. गाडी धावताना उत्तम, पण सिग्नलला बंद पडत असेल तर स्लो जेटमध्ये (मंद गतीला पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) कचरा असतो किंवा कार्बोरेटरखालचे गॅस्केट हवा घेत असते. जेट हवेच्या दाबाने साफ करावा. त्यात तार घालण्याची सवय वाईट. पितळेचे छिद्र मोठे होते आणि मग गाडी पेट्रोल पिऊ लागते.