फोल्डरचा रंग नेमका असतो कुठे?

कपाटातली लाल फाइल उचलून दुसऱ्या कपाटात ठेवली तरी ती लालच राहते. संगणकात मात्र एखादा फोल्डर हौसेने लाल करावा, पेनड्राइव्हवर घालावा आणि दुसऱ्या यंत्रावर उघडावा, तर तो बहुतेक वेळा मूळच्या पिवळ्या नाहीतर निळ्या रंगात समोर येतो. आतल्या फाइली सगळ्या पोहोचतात, लाली तेवढी मागे राहते. रंगीत फोल्डरांची गेल्या तीस-पस्तीस वर्षांची हकिकत बरीचशी या एका अडचणीभोवती फिरते.

फोल्डर हा शब्द आणि त्याचं चित्र, दोन्ही कागदी दप्तरातून आले. एके काळी कचेऱ्यांत कागद घडी घालून, फितीने बांधून कप्प्यांत कोंबलेले असत. इंग्लंडमध्ये कायद्याच्या कागदांना लाल फीत बांधत. ‘लालफितीचा कारभार’ हा शब्दप्रयोग तिथूनच आपल्याकडे आला. १८९३ च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनात लायब्ररी ब्यूरोने कागद उभे ठेवण्याची पद्धत मांडली. हा ब्यूरो काढणारे मेल्विल ड्युई म्हणजे ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणाचे जनक. पुढे खणांची उंच कपाटं आली आणि त्यांत फिक्या पिवळट पुठ्ठ्याचे मनिला फोल्डर बसले. मनिला, कारण त्यांचा कागद मुळात फिलिपिन्समधल्या अबाका नावाच्या झाडाच्या धाग्यापासून होत असे. विंडोजमधला फोल्डर पिवळा का, याचं उत्तर त्या पुठ्ठ्यात आहे.

रंगाचा खरा कस लागला तो रुग्णालयांच्या नोंदींमध्ये. तिथे हजारो रुग्णांच्या फाइली उघड्या फळ्यांवर उभ्या असतात. त्या क्रमांकाने लावल्या तर नव्या फाइली सगळ्या शेवटच्या फळीवर जमतात आणि तिथेच गर्दी होते. म्हणून क्रमांक शेवटून वाचायची युक्ती निघाली. समजा रुग्णाचा क्रमांक ४८-२१-०७ आहे. आधी ०७ चा विभाग गाठायचा, त्यात २१ शोधायचे, मग ४८. असे ०० ते ९९ शंभर विभाग होतात आणि नवे क्रमांक त्यांत आपोआप सारखे पसरतात. आता शून्य ते नऊ या प्रत्येक अंकाला एकेक रंग द्या आणि त्या रंगांच्या पट्ट्या फाइलीच्या कडेवर चिकटवा. ०७ च्या विभागातल्या सगळ्या कडांवर तेच दोन रंग, ठरलेल्या उंचीवर, एका सलग पट्ट्यासारखे दिसू लागतात. एखादी फाइल चुकून भलतीकडे गेली, की त्या पट्ट्यात खिंडार पडतं आणि ते खोलीच्या दारातूनही दिसतं.

इथे रंग शोभेला नव्हता, आणि कुणाच्या आवडीनेही निवडलेला नव्हता. तो क्रमांकातून निघत होता, त्यामुळे कोणता रंग द्यावा हा प्रश्नच उद्भवत नसे. मुख्य म्हणजे त्याचं काम फाइल शोधून देण्यापेक्षा चूक उघडी पाडण्याचं होतं. संगणकावर आलेल्या रंगाने हे काम फारसं कधी केलंच नाही, असं माझं मत आहे.

पडद्यावर फोल्डरचं चित्र आलं ते १९८१ च्या झेरॉक्स स्टार या यंत्रावर. तो पडदा काळा-पांढरा होता. १९८४ चा ॲपलचा पहिला मॅकिंटॉश (म्हणजेच मॅक) हा संगणकही तसाच, ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा. गंमत म्हणजे त्या मॅकिंटॉशवरचे फोल्डर नुसते देखावा होते. डिस्कवर सगळ्या फाइली एकाच पातळीवर पडलेल्या असत आणि फोल्डर हा केवळ फाइंडर नावाच्या प्रोग्रॅमने दाखवलेला भास असे. खरे, एकात एक बसणारे फोल्डर पुढच्या वर्षी नव्या फाइल-रचनेबरोबर आले. फोल्डर स्वतःच जिथे भास, तिथे त्याच्या रंगाची काय कथा!

रंगीत पडद्याचा मॅकिंटॉश १९८७ मध्ये आला आणि रंगाला नावासकट जागा मिळाली ती मे १९९१ मधल्या सिस्टीम ७ या मॅकच्या कार्यप्रणालीमध्ये. तिथे ‘लेबल’ नावाचा मेनू होता. त्यात सात लेबलं आधीच लिहून दिलेली होती: अत्यावश्यक, गरमागरम, काम चालू, थंड, खाजगी, प्रकल्प १ आणि प्रकल्प २. सातच का? फाइलीविषयीच्या बारीकसारीक नोंदीत लेबलसाठी तीन बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढंच मावणारी तीन घरं, राखून ठेवलेली होती. तीन बिटांत आठ शक्यता मावतात. त्यातली एक ‘लेबल नाही’ यासाठी खर्च होते, उरतात सात. या सातांमागे इंद्रधनुष्य नाही की मेंदूची स्मरणशक्ती नाही, जागेची काटकसर आहे.

ही नावं आणि रंग हवे तसे बदलता येत. पण त्या तीन बिटांत फक्त ‘पाचवं लेबल’ एवढंच लिहिलेलं असे. पाचवं म्हणजे कोणता रंग आणि त्याचा अर्थ काय, हे त्या-त्या यंत्राच्या सेटिंगमध्ये. साहजिकच एकाची खाजगी फाइल दुसऱ्याच्या मॅकवर गेली की वेगळ्याच नावाने मिरवायची. फाइलीवर नुसता क्रमांक होता, अर्थ घरी राहिला होता.

२००१ मध्ये मॅक ओएस टेन ही नवी कार्यप्रणाली आली आणि लेबलं गायब झाली. ज्यांनी दहा वर्षं रंगांवर काम उभारलं होतं, त्यांच्यासाठी हा मोठाच घाव. ऑक्टोबर २००३ च्या पँथर आवृत्तीत ती परतली, पण आता मूळ नावं नुसती लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा अशी होती. बदलायची मुभा होतीच, तरी १९९१ मध्ये रंगाबरोबर अर्थ मिळत होता आणि आता रंगाला रंगाचंच नाव होतं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. २०१३ च्या मॅव्हरिक्समध्ये लेबलांचे टॅग झाले. एका फोल्डरला हवे तितके टॅग लावता येऊ लागले आणि टॅगचं नाव फाइलीबरोबरच साठवलं जाऊ लागलं, म्हणजे अर्थ निदान सोबत प्रवास करू लागला. मात्र आधी पूर्ण नावामागे पसरणारा रंग आता एका बारीक ठिपक्यावर आला. लाल आणि हिरवा वेगळा ओळखू न येणाऱ्यांना तर त्या ठिपक्याचा उपयोगच नाही, आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे बारांतले एक असतात.

विंडोजने हा खटाटोप टाळला. उजवं बटण दाबून रंग निवडावा अशी सोय तिथे कधी रूढ झाली नाही. आयकॉन मात्र बदलता येतो. बदलला की फोल्डरच्या आत डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपवलेली फाइल तयार होते आणि चित्र कुठून घ्यायचं ते तीत लिहिलेलं असतं. फोल्डर रंगवणारे बाहेरचे प्रोग्रॅम हेच करतात: रंगीत चित्र एका जागी ठेवतात आणि आयएनआयमध्ये त्याचा पत्ता लिहितात. ही फाइल वाचली जावी म्हणून फोल्डरला ‘फक्त वाचनासाठी’ ही खूण लावलेली असते. त्यात नवं काही ठेवायला तिची आडकाठी नसते, ती नुसता इशारा म्हणून वापरलेली आहे. फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेला आणि तिथे त्या पत्त्यावर चित्र नसलं, की पुन्हा पिवळा.

लिनक्स या तिसऱ्या कार्यप्रणालीच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, वेगळाच न्याय. तिथे फोल्डर निळे, चालवता येणाऱ्या फाइली हिरव्या, झिपसारखे दाबून बांधलेले संच लाल. रंग कुणी लावत नाही, यादी दाखवतानाच तो प्रकारावरून ठरतो. साठवायचंच काही नाही, म्हणून हरवायचंही काही नाही. रुग्णालयाच्या फळीच्या सर्वांत जवळचा नातेवाईक हाच.

२०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये अखेर टॅगचा रंग ठिपक्याबाहेर पडून सगळ्या फोल्डरवर चढला आणि त्यावर चिन्ह किंवा इमोजी डकवायची सोयही आली. तो फोल्डर विंडोजला वाचता येणाऱ्या पेनड्राइव्हवर घातला, की त्याच्या शेजारी टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणारी एक छोटी फाइल उमटते. टॅगची नोंद तिच्यात असते. विंडोजवर ज्यांना ती दिसते, ते कचरा समजून पुसून टाकतात.