हार्मोनची औषधं न्यायला येणाऱ्या ताई, वहिनी आणि काकींसाठी

नमस्कार.

पाळी जाण्याच्या वयात डॉक्टरांनी हार्मोन लिहून दिलेल्या बायका कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात रोज येतात आणि काउंटरवर रोज तेच बोलणं होतं. मागं माणसं तिष्ठत उभी, पुढं तुम्ही संकोचलेल्या. अशा गडबडीत नीट सांगणं होत नाही आणि नीट ऐकणंही होत नाही. म्हणून हा कागद छापलाय, घरी निवांत वाचा. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं. दिलेलं औषध घरी गेल्यावर बरोबर घेतलं जावं, एवढ्यापुरतं आम्ही बोलतोय.

एकच चूक, पण फार वेळा होणारी

चिठ्ठीवर बहुतेकदा दोन औषधं असतात. एक इस्ट्रोजेनचं, म्हणजे गोळी किंवा हाताला चोळायचं जेल. दुसरं प्रोजेस्टेरॉनचं, बहुतेक वेळा रात्री घ्यायची मऊ कॅप्सूल. इस्ट्रोजेननं आठ-पंधरा दिवसांत फरक जाणवायला लागतो. अंगातून निघणाऱ्या वाफा कमी होतात, रात्री घामानं गाऊन भिजत नाही, झोप लागते. कॅप्सूलनं असं काही ठळक जाणवत नाही. मग पुढच्या महिन्यात निरोप येतो, "जेल तेवढं द्या, कॅप्सूल राहू द्या."

काहीजणी तर कॅप्सूल परत घेऊन येतात. पट्टी उलटीसुलटी करून दाखवतात आणि म्हणतात, "अवो, ही तर आमच्या सुनंला दिवस गेल्यावर दिलती की! मला कशाला दिलीसा?" त्यांचं चुकत नाही. गर्भ टिकावा म्हणून देतात तीच ही कॅप्सूल. पण इथं तिचं काम वेगळं आहे, आणि डॉक्टरांनी ती चुकून लिहिलेली नाही.

इस्ट्रोजेन गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला वाढवतं. पाळी चालू असते तेव्हा शरीरच प्रोजेस्टेरॉन तयार करून त्या वाढीला आवर घालतं. बाहेरून नुसतं इस्ट्रोजेन घेत राहिलं, तर उसाला युरिया टाकायचा आणि भांगलण करायचीच नाही अशी गत होते. अस्तर जाड होत जातं, कधी अंगावरून जायला लागतं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. हे आजचं नाही. नुसतं इस्ट्रोजेन देण्याची पद्धत अमेरिकेत जोरात होती, तेव्हा १९७५ साली हा संबंध उघड झाला. तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला जोडीनं प्रोजेस्टेरॉन द्यायची रीत पडली.

म्हणून पैशाची ओढ असेल तर आम्हाला सांगा. त्याच औषधाचा स्वस्त ब्रँड डॉक्टरांना विचारून देता येतो. जनऔषधी केंद्रात मिळालं तर तिथून घ्या, आम्हाला राग नाही. पण दोन्ही घ्या, नाहीतर डॉक्टरांना विचारून दोन्ही थांबवा. जेल चालू आणि कॅप्सूल बंद, हे करू नका.

"पिशवी आहे का काढली?" असं विचारतो, ते याच्यासाठी

या प्रश्नाचा काहींना राग येतो. दुकानदारानं असलं विचारायचं काय कारण, असं तोंडावर बोलून दाखवणाऱ्याही आहेत. कारण वर सांगितलं तेच. आपल्या भागात चाळिशीच्या आतबाहेरच पिशवी काढून टाकलेल्या बायका प्रत्येक भावकीत सापडतात. अशा बाईला बहुधा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, कारण वाढायला अस्तरच उरलेलं नसतं. आता ती बहीण तुम्हाला म्हणते, "मला ही एकच गोळी चालते, तू पण हीच घे." तुम्ही तिची रिकामी पट्टी घेऊन गडहिंग्लजहून एसटीनं इथपर्यंत येता आणि आम्ही "चिठ्ठी?" म्हणतो. हेलपाटा तुम्हाला पडतो, वाईटपणा आम्हाला येतो. पण तुमची पिशवी जागेवर असेल, तर तिची गोळी तुम्हाला एकटी चालणार नाही. शिवाय ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं पाकिटावरच छापलेलं असतं. आम्ही नियम दाखवून हात झटकत नाही, पण तो मोडतही नाही.

काउंटरवर बोलायचं नसेल तर चिठ्ठीच्या मागं "पिशवी आहे" किंवा "काढली" एवढंच लिहून द्या. दुकानात दुपारी बाई फार्मसिस्ट असतात, त्यांच्याशी आतल्या बाजूला बसून बोलता येतं.

गोळी, जेल की आणखी काही?

हे डॉक्टरांकडंच विचारायचं, पण काय काय विचारता येतं ते माहीत असलेलं बरं.

इस्ट्रोजेनची गोळी स्वस्त आणि सोपी. मात्र ती पोटातून लिव्हरमार्गे जाते आणि रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढवते. वजन जास्त असेल, पायात पूर्वी गुठळी झालेली असेल, बीपी किंवा अर्धशिशी असेल, तर डॉक्टर बहुधा गोळी टाळतात. कातडीतून जाणाऱ्या जेलनं नेहमीच्या मात्रेत गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. त्यामुळं हल्ली जेलच्या चिठ्ठ्या वाढल्यात. जेल महाग पडतं, हे खरं.

जेल दंडाला किंवा मांडीला लावायचं, छातीला नाही. वाळेपर्यंत पाच मिनिटं तरी कापड लागू देऊ नका आणि तासभर ती जागा धुऊ नका. हात मात्र लगेच साबणानं धुवा. नातवंडं अंगाखांद्यावर असतील तर लावलेला भाग झाकल्याशिवाय त्यांना उचलू नका, हार्मोन त्यांच्या कातडीतूनही जातं.

ज्यांची पाळी अजून अधूनमधून येते किंवा नुकतीच गेली आहे, त्यांना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल महिन्यातले १२ ते १४ दिवस, बहुधा २०० मिलिग्रॅमची असते. ती संपली की पाळीसारखं अंगावर जातं. "तुमच्या गोळीनं पाळी परत आली" म्हणून फोन येतात, ते याचेच. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्यांना बहुधा रोज १०० मिलिग्रॅम देतात. सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडे डाग दिसू शकतात. त्यानंतरही दिसले, किंवा सगळं बंद असताना अचानक गेलं, तर दुकानात येऊ नका, सरळ डॉक्टरांकडं जा.

या कॅप्सूलनं गुंगी येते, म्हणूनच ती झोपताना घ्यायची. सकाळी घेऊन स्कूटरवर बसू नका. आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा, काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. कोल्हापुरात ही अॅलर्जी सांगितली की लोक हसतात, पण सांगा.

पिशवीत हार्मोनचं साधन (तांबीसारखंच, पण हार्मोन सोडणारं) बसवलेलं असेल, तर अस्तराचं काम ते करतं, त्या मुदतीत वेगळी कॅप्सूल बहुधा लागत नाही. टिबोलोन नावाची एकच गोळी दोन्ही कामं करते, पण शेवटच्या पाळीला वर्ष झाल्याशिवाय ती देत नाहीत.

आणि ज्यांना वाफा वगैरे काही नाही, नुसता योनीमार्गात कोरडेपणा, जळजळ किंवा सारखं लघवीचं इन्फेक्शन आहे, त्यांना आतून लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरेसं असतं. त्याच्याबरोबर सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही. हे क्रीम मागायला सगळ्यात जास्त संकोच होतो. नाव कागदावर लिहून द्या, पाकिटात बंद करून देऊ.

"यानं कॅन्सर होतो म्हणे"

हा प्रश्न बहुधा मुलगा किंवा यजमान मोबाइल पुढं करून विचारतात. २००२ साली अमेरिकेतला या हार्मोनांवरचा एक मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला, आणि जगभर बायकांनी औषधं सोडली. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि दिलेलं औषध घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन यांचं होतं. त्यात दहा हजार बायकांमागं वर्षाला साधारण आठ जणींना स्तनाचा कॅन्सर जास्त आढळला. पिशवी काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तो वाढला नाही. म्हणजे धोका आहे, जोडीची औषधं जितकी वर्षं घ्याल तसा तो वाढतो, पण तो लहान आहे. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर त्रास असलेल्या बहुतेक बायकांना फायद्याचं पारडं जड पडतं, असंच आज मानतात.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचे चौकटीतले बरेच मोठे इशारे काढायचं जाहीर केलं, तीही बातमी तुम्ही वाचली असेल. ती दाखवून "आता काही धोका नाही" म्हणणारेही भेटतात. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की पोटात किंवा कातडीवाटे नुसतं इस्ट्रोजेन घेताना पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा जो इशारा आहे, तो प्रशासनानं तसाच ठेवलाय.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, लिव्हरचा आजार चालू असेल, हार्ट अटॅक, पॅरालिसिस किंवा गुठळी झाली असेल, किंवा कारण न सापडलेला रक्तस्राव असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. अशांना वाफांसाठी हार्मोन नसलेल्या गोळ्याही असतात.

थोडं इकडचं तिकडचं

नवरात्रात आणि जोतिबाच्या यात्रेच्या आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांना गर्दी होते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या काहीजणी त्याच गोळ्या "हार्मोनच्याच आहेत की" म्हणून वाफांवर घेतात. ते हे औषध नव्हे. गुठळीची भीती त्यातही आहेच.

हार्मोन चालू म्हणजे दिवस राहणार नाहीत, असंही नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली असेल तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

आमच्याकडं काय सोय आहे

पहिल्यांदा येताना मूळ चिठ्ठी आणा. आम्ही तुमच्या नावानं वही ठेवतो, त्यात दोन्ही औषधं, मात्रा आणि कॅप्सूल महिन्यातले किती दिवस हे लिहिलेलं असतं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी जितके महिने लिहिलेत तितके महिने, औषध संपायच्या आधी आम्ही व्हॉट्सअॅपवर आठवण करतो आणि दोन्ही एकत्रच बांधून ठेवतो. एक हवं, एक नको असं सांगितलंत, तर आम्ही पुन्हा विचारणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पट्टी कापून हवी असेल तर देतो, पण एक्सपायरीची तारीख असलेला तुकडा तुमच्याकडं येईल असंच कापतो. उघडलेलं जेल आणि कापलेली पट्टी परत घेत नाही.

जेल आम्ही मोजकंच ठेवतो, उन्हाळ्यात ते गरम झालेलं आम्हाला चालत नाही. संपायच्या चार दिवस आधी सांगितलंत तर ताजं मागवून देतो. शहरात घरपोच आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नवरात्रात महाद्वार रोडच्या बाजूला गाडी नेता येत नाही, आमचा मुलगा चालत येतो, तेव्हा त्या दिवसांत ऑर्डर आदल्या संध्याकाळीच द्या.